सिनेमा आणि समाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिनेमाचा विषय निघाला की पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. काही उत्तरांत चित्रपटाचा शेवट उघड होतो, तेवढं चालवून घ्या.

१. सरळ सांगा, सिनेमा समाजाला घडवतो की समाज सिनेमाला?

दोन्ही घडतं, पण जोर सारखा नसतो. समाजाचा सिनेमावर रोज दाब असतो. पैसा कोण घालतं, तिकीट कोण काढतं, पडद्यावर यायची मुभा कुणाला आहे, कायदा काय दाखवू देतो, हे सगळं चित्रीकरणाआधीच ठरलेलं असतं. उलट दिशेचा परिणाम अधूनमधून होतो आणि तो सहसा लोकांच्या मतांवर होत नाही. मनात आधीच असलेल्या रागाला, श्रद्धेला किंवा भीतीला सिनेमा दिसेल असं रूप देतो आणि मग ते रूप लोक उचलतात. प्रश्न ७ आणि ८ मधली उदाहरणं पाहिली की हे पटेल. याला अपवादही आहेत, ते प्रश्न १२ आणि १५ मध्ये आहेत.

२. पडद्यावर आगगाडी येताना पाहून पहिले प्रेक्षक खरंच पळाले होते का?

या गोष्टीला भक्कम पुरावा नाही. ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये पहिला सशुल्क खेळ केला, त्या कार्यक्रमात तर आगगाडीची फिल्म नव्हतीच. ती नंतर दाखवली गेली. लोक दचकले असतील, ओरडले असतील, पण घाबरून पळापळ झाल्याचं त्या वेळच्या नोंदींत आढळत नाही. तरी ही कथा शंभर वर्षं टिकली, कारण ‘प्रेक्षक भोळा असतो, पडद्यावरचं सगळं खरं मानतो’ ही समजूत सेन्सॉर नेमणाऱ्यांना सोयीची होती आणि सिनेमा विकणाऱ्यांनाही.

३. सुरुवातीला समाज सिनेमाकडे कसं पाहत होता?

संशयानं. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांना एकही स्त्री मिळाली नाही. तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. तेच पुढे ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही झाले. मात्र त्याच १९१३ सालच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’त सुखवस्तू घरातल्या दुर्गा खोटे आल्यावर प्रतिष्ठित कुटुंबांचा विरोध हळूहळू सैल झाला. चांगल्या घरातल्या मुलींनी सिनेमात जावं की नाही, या वादाचा निकाल भाषणांपेक्षा अशा दोनचार बायकांच्या धाडसानं लावला.

अमेरिकेत हा संशय कायद्यातच उतरला. १९१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सिनेमा हा निव्वळ धंदा आहे, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण नाही, असा निकाल दिला. तो फिरायला १९५२ साल उजाडलं.

४. समाजातली एखादी घटना सिनेमात कशी उतरते? ठळक उदाहरण द्या.

‘गोजिरा’, म्हणजे जगाला ‘गॉडझिला’ या नावानं माहीत असलेला जपानी चित्रपट. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेनं बिकिनी बेटांजवळ हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. त्या किरणोत्सारी राखेखाली जपानी मासेमारी बोटीवरचे २३ खलाशी सापडले आणि त्यातला एक सप्टेंबरात गेला. नोव्हेंबरमध्ये हा चित्रपट लागला, आणि त्याची सुरुवातच समुद्रात अचानक पेटलेल्या बोटीनं होते. जपानी प्रेक्षकाला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. १९५६ मध्ये अमेरिकेत तो दाखवताना एक अमेरिकन वार्ताहर मधे घुसवला, अणुबॉम्बचे बरेच संदर्भ गाळले आणि उरला तो नुसता राक्षसपट. तीच चित्रफीत होती, पण तिच्यामागचा समाज काढून घेतला होता.

दुसरं उदाहरण युद्धानंतरच्या इटलीचं. स्टुडिओची पडझड झालेली आणि फिल्मचा तुटवडा, म्हणून दिग्दर्शक रस्त्यावर उतरले. ‘बायसिकल थीव्ज’चा (१९४८) नायक हा खरा कारखाना कामगार होता. सरकारातले काही जण यावर चिडले, देशाची लक्तरं वेशीवर टांगली म्हणून. १९५२ मध्ये भारतात पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला, तिथे हे चित्रपट आपल्याकडच्या दिग्दर्शकांनी पाहिले. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला.

५. एखाद्या चित्रपटामुळे खरोखर कायदा बदलला आहे का?

हो, पण एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच उदाहरणं ठोस आहेत. सर्वांत पक्कं दक्षिण कोरियाचं. एका मूकबधिर शाळेत मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांवर बेतलेला ‘डोगानी’ सप्टेंबर २०११ मध्ये लागला. दोषींना झालेल्या सौम्य शिक्षा पाहून लोक खवळले, पोलिसांनी पुन्हा तपास सुरू केला, शाळा बंद झाली आणि ऑक्टोबर संपायच्या आत संसदेनं अपंग व्यक्ती आणि लहान मुलांवरच्या अशा गुन्ह्यांसाठीची कालमर्यादा काढून टाकणारी दुरुस्ती मंजूर केली. लोक तिला ‘डोगानी कायदा’च म्हणतात.

इथे एक गोष्ट नीट पाहावी. प्रकरण नवं नव्हतं, खटले होऊन गेले होते आणि कादंबरी २००९ मध्येच आली होती. माहिती उपलब्धच होती. चित्रपटानं लाखो लोकांना ती एकाच महिन्यात, एकाच वेळी दाखवली, आणि लोकप्रतिनिधींना तोंड चुकवायला जागा उरली नाही.

दुसरी तऱ्हा एका माणसाच्या सुटकेची. एरल मॉरिस यांच्या ‘द थिन ब्लू लाइन’ (१९८८) या माहितीपटानं टेक्सासमधल्या एका पोलिसाच्या खुनाचा खटला साक्षीदारागणिक उसवला. अंगावर फाशीची शिक्षा घेऊन तुरुंगात गेलेला आणि नंतर जन्मठेप भोगत असलेला तो माणूस १९८९ मध्ये सुटला.

६. कायदा बदलणाऱ्या चित्रपटांच्या यादीत (प्रश्न ५) बेल्जियमच्या ‘रोझेटा’चं नाव का नाही?

कारण तारखा जुळत नाहीत. कामासाठी धडपडणाऱ्या तरुण मुलीवरचा हा चित्रपट १९९९ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक घेऊन गेला आणि तरुणांच्या रोजगाराची बेल्जियममधली योजना ‘रोझेटा’ याच नावानं ओळखली जाऊ लागली. पण कायद्याचा मसुदा आधीच तयार होता, फक्त मंजुरी बाकी होती, हे खुद्द दिग्दर्शक दार्देन बंधूंनीच सांगितलं आहे. चित्रपटानं योजनेला नाव दिलं आणि चेहरा दिला. राजकारणात तेही कमी नसतं, पण त्याला जन्म देणं म्हणू नये.

आपल्याकडेही असा उलटा क्रम सापडतो. प्रभातचा ‘कुंकू’ (१९३७) जरठ-कुमारी विवाहावर तुटून पडला, म्हणून त्यानं कायदा घडवला असं अधूनमधून ऐकू येतं. लग्नासाठी किमान वयाची अट घालणारा शारदा कायदा १९२९ चा आहे, आणि त्याआधी तीस वर्षं ‘शारदा’ नाटकानं याच विषयावर प्रेक्षकांना रडवलं होतं. ‘कुंकू’चं मोठेपण वेगळ्या ठिकाणी आहे. शांता आपटे यांची नीरा रडत बसत नाही. म्हाताऱ्या नवऱ्याला ती नवरा मानायलाच नकार देते, आणि शेवटी अपराधाच्या जाणिवेनं कोसळतो तो नवरा. कायदा वयाची अट घालू शकतो. बायकोनं ‘नाही’ म्हटलं तर ते कसं दिसतं, हे त्या काळच्या प्रेक्षकांना पडद्यावर पाहायला मिळालं.

७. सिनेमानं समाजाचं सर्वांत मोठं नुकसान केलं असं उदाहरण कोणतं?

माझ्या मते डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ (१९१५). तंत्राच्या दृष्टीनं तो त्या काळाच्या फार पुढे होता आणि आशयानं उघड वर्णद्वेषी. त्यात कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांची हिंसक टोळी उद्धारकर्ती म्हणून येते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेनं जागोजागी विरोध केला, पण तो राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानीही दाखवला गेला.

तोवर क्लॅन मोडीत निघाली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर विल्यम सिमन्स यांनी ती पुन्हा उभी केली आणि अटलांटात चित्रपट लागला तेव्हा त्याच्या जाहिरातींशेजारी भरतीच्या जाहिराती दिल्या. पेटता क्रूस ही आज क्लॅनची ओळख समजली जाते. मूळ क्लॅन क्रूस पेटवत नव्हती. ती कल्पना चित्रपट ज्या कादंबरीवर बेतला होता तिच्यातून चित्रपटात आली आणि चित्रपट पाहिलेल्यांनी ती डोंगरावर नेली. वर्णद्वेष ग्रिफिथनं निर्माण केला नाही, पण त्या द्वेषाला गणवेश आणि विधी त्यानं पुरवला. हा चित्रपट फिरत्या खेळांतून ज्या ज्या भागात पोचला तिथे त्या सुमारास झुंडबळी आणि वांशिक दंगली वाढल्याचं अलीकडच्या संशोधनात दिसलं आहे.

८. सिनेमा नवी परंपरा सुरू करू शकतो का?

अगदी सहज. मेक्सिको सिटीत मृतांच्या सणाला निघणारी भव्य मिरवणूक पाहून ती शतकानुशतकं चालत आली असेल असं वाटतं. २०१५ च्या ‘स्पेक्टर’ या जेम्स बाँडपटात ती दाखवली, पाहुणे ती शोधत येणार हे ओळखून शहरानं २०१६ पासून ती खरोखर काढायला सुरुवात केली. सण जुनाच आहे, पण घरात आणि स्मशानात पाळला जाणारा.

‘जय संतोषी माँ’ (१९७५) हे आपल्याकडचं उदाहरण. व्रतकथा आधीही होती, पण अगदी कमी खर्चात केलेल्या या चित्रपटानं शुक्रवारचं व्रत घरोघरी पोचवलं. चित्रपटगृहात लोक चपला बाहेर काढून बसत, पडद्यावर फुलं आणि नाणी उधळत.

निषेधाचीही परंपरा होते. ‘रंग दे बसंती’ जानेवारी २००६ मध्ये आला. महिन्याभरात जेसिका लाल खून खटल्यातले आरोपी सुटले आणि संतापलेले लोक मेणबत्त्या घेऊन इंडिया गेटवर जमले, चित्रपटात जमतात तसेच. राग निकालाचा होता, मेणबत्त्या पडद्यावरच्या. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयानं मुख्य आरोपीला दोषी ठरवलं. त्या निकालाचं श्रेय मात्र चित्रपटाला देऊ नये.

९. आणीबाणीच्या दडपशाहीतून हिंदी सिनेमाचा ‘अँग्री यंग मॅन’ जन्मला, हे खरं ना?

नाही. ‘जंजीर’ मे १९७३ चा, ‘दीवार’ जानेवारी १९७५ चा आणि आणीबाणी लागली २५ जून १९७५ ला. संतप्त नायक तिच्या आधीच पोचला होता. त्याची मुळं आधीच्या वर्षांत शोधावी लागतात: दुष्काळ, महागाई, बेकारी, विद्यार्थी आंदोलनं.

आणीबाणीचा खरा ठसा पाहायचा तर काय कापलं गेलं ते पाहावं. ‘आँधी’वर बंदी आली, ‘किस्सा कुर्सी का’च्या प्रती नष्ट केल्या गेल्या. ‘शोले’चा शेवटही बदलावा लागला. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार करतो, पण माजी पोलीस अधिकाऱ्यानं कायदा हातात घेणं सेन्सॉरला मान्य झालं नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पाहिलेला शेवट हा सरकारी आग्रहाचा आहे.

१०. सेन्सॉरमुळे चार दृश्यं जातात एवढंच ना? समाजाला काय फरक पडतो?

कापलेल्या दृश्यांपेक्षा जे कधी लिहिलंच गेलं नाही त्याचा फरक मोठा असतो. हॉलिवूडनं १९३० मध्ये स्वतःसाठी नीतिनियम बनवले आणि १९३४ पासून ते कडकपणे राबवले. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय व्यक्तींमधला प्रणय त्यात निषिद्ध होता आणि स्टुडिओ हा नियम इतर वंशांनाही लावत. ‘द गुड अर्थ’मध्ये (१९३७) चिनी शेतकरी गोऱ्या नटाला दिला, म्हणून त्याची बायकोही गोरीच हवी झाली. त्या काळची आघाडीची चिनी वंशाची अमेरिकन अभिनेत्री ॲना मे वाँग बाजूला पडली, आणि जिला भूमिका मिळाली तिला ऑस्कर मिळालं.

ब्रिटिशांच्या ताब्यातल्या भारतात कात्री राजकीय होती. १९२१ च्या ‘भक्त विदुर’मधला विदुर खादी आणि टोपीमुळे गांधींसारखा दिसत होता, तेवढ्यावरून कराची आणि मद्रासमध्ये बंदी आली. स्वतंत्र भारतात १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पूर्वपरीक्षण घटनेत बसतं असं ठरवलं. पुढे १९८९ मध्ये त्याच न्यायालयानं बजावलं की निदर्शनांच्या धमकीखातर सरकारनं चित्रपट दडपायचा नसतो, संरक्षण देणं हे त्याचं काम आहे. पडद्याला दगड लागण्याच्या भीतीनं खेळ रद्द होतात तेव्हा हा निकाल क्वचितच कुणाला आठवतो.

११. प्रचारपट खरंच मनं बदलतात का?

मानतात तेवढी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं ‘व्हाय वी फाइट’ ही मालिका फ्रँक काप्रा यांच्याकडून करून घेतली आणि सैनिकांवर तिचा परिणाम मानसशास्त्रज्ञांकडून तपासून घेतला. सैनिकांची माहिती बरीच वाढली, काही मतं थोडीफार हलली, पण लढण्याची इच्छा जवळपास होती तिथेच राहिली. नाझी प्रचारपट मात्र चालले, कारण त्यांचा प्रेक्षक शाळा, वर्तमानपत्रं आणि दहशत यांनी आधीच तयार केला होता. सत्ताधारी मात्र पडद्याला कायमच घाबरत आले. १९२५ चा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ हा सोव्हिएत क्रांतिपट ब्रिटनमध्ये १९५४ पर्यंत बंद होता.

१२. हिंसक चित्रपटांमुळे गुन्हे वाढतात का? आणि नसतील तर सिगारेटच्या दृश्यावर एवढा गहजब कशाला?

या दोन गोष्टींचे पुरावे वेगवेगळे आहेत, म्हणून उत्तरंही वेगळी आहेत.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात हिंसक चित्रपटांना गर्दी होते त्या दिवशी संध्याकाळी आणि रात्री हिंसक गुन्हे कमी झाल्याचं आढळलं. मारामारीची आवड असलेला तरुण त्या वेळी दारू पीत हिंडण्याऐवजी अंधारात खुर्चीवर बसलेला असतो, हे त्यामागचं साधं कारण. वर्षानुवर्षं हिंसा पाहून काय होतं, हे यातून कळत नाही. चित्रपटाची नक्कल करून केलेल्या एखाददुसऱ्या गुन्ह्याच्या बातम्यांनी दिग्दर्शकही हादरतात: ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ स्टॅन्ली कुब्रिक यांनी ब्रिटनमध्ये स्वतःच काढून घेतला, आणि तो तिथे त्यांच्या मृत्यूनंतरच परतला.

धूम्रपानाबाबत पुरावा भक्कम आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख अधिकाऱ्यांनी, २०१२ च्या अहवालात पडद्यावरचं धूम्रपान आणि किशोरवयीनांनी सिगारेट सुरू करणं यांत कार्यकारण संबंध असल्याचं नमूद केलं. खून करायला मोठा बांध ओलांडावा लागतो, सिगारेट पेटवायला नाही. ऐटीत झुरका घेणारा नायक अनुकरणाला सोपा असतो.

१३. पडद्यावरची लोकप्रियता निवडणुकीत चालते का?

नुसती लोकप्रियता फार लांब नेत नाही. तमिळनाडूत अण्णादुराई आणि करुणानिधी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून संवादांतून पक्षाचा विचार मांडला, आणि नट एमजीआर वर्षानुवर्षं गरिबांच्या कैवाऱ्याच्याच भूमिका करत आले. त्यांच्या चाहता संघांचं जाळं गावोगाव होतं. १९७२ मध्ये त्यांनी पक्ष काढला आणि १९७७ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. शिवाजी गणेशन अभिनयात त्यांच्यापेक्षा सरस मानले जात, पण १९८९ च्या निवडणुकीत स्वतःची जागाही त्यांना जिंकता आली नाही. त्यांच्या भूमिका फार विविध होत्या. मतदाराला एकच माणूस ओळखीचा लागतो. युक्रेनच्या झेलेन्स्कींनी तर मालिकेत राष्ट्राध्यक्ष रंगवला, मालिकेचंच नाव पक्षाला दिलं आणि २०१९ मध्ये ते पद जिंकलं.

१४. ‘अमुक सिनेमामुळे तमुक घडलं’ असा दावा तपासायचा कसा?

आधी तारखा पाहा (प्रश्न ६ आणि ९). मग आकडे कुणी मोजले ते विचारा. क्लार्क गेबलनं १९३४ च्या एका चित्रपटात शर्ट काढला, आत बनियन नव्हता, आणि अमेरिकेत बनियनचा खप कोसळला ही कथा सगळीकडे सापडते. खपाचे आकडे कुठेच सापडत नाहीत. तिसरं, दुसरं कारण आहे का ते बघा. ‘जॉज’नं (१९७५) शार्कविषयी भीती पसरवली हे खरं, आणि मूळ कादंबरीचे लेखक पीटर बेंचली नंतर शार्कच्या रक्षणासाठी झटले. पण जगभर शार्क घटले ते मुख्यतः मासेमारीमुळे.

कधीकधी योगायोगच काम करतो. अणुवीज केंद्रातल्या अपघातावरचा ‘द चायना सिंड्रोम’ १६ मार्च १९७९ ला लागला आणि २८ मार्चला अमेरिकेतल्याच थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला. चित्रपटानं अपघात घडवला नाही हे उघड आहे, पण बातम्या ऐकताना लोकांच्या डोळ्यांसमोर तोच होता.

१५. सगळा समाज नाही, पण एकाच माणसावर परिणाम होऊन धोरण बदललं, असं झालंय का?

झालंय, आणि अशी उदाहरणं सर्वांत स्वच्छ असतात, कारण मधली साखळी छोटी असते. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढलेल्या उत्तर आफ्रिकी सैनिकांना फ्रेंच सैनिकांपेक्षा तुटपुंजं निवृत्तिवेतन मिळत होतं. त्यांच्यावरचा ‘अँदिजेन’ २००६ मध्ये अध्यक्ष शिराक यांनी पाहिला आणि तो प्रदर्शित झाला त्याच दिवशी सरकारनं वेतन वाढवण्याची घोषणा केली.

दुसरं उदाहरण रोनाल्ड रेगन यांचं. स्वतः नट असलेल्या या राष्ट्राध्यक्षांनी जून १९८३ मध्ये ‘वॉरगेम्स’ पाहिला. त्यात एक शाळकरी मुलगा घरच्या संगणकावरून लष्कराच्या यंत्रणेत शिरतो. काही दिवसांनी एका बैठकीत त्यांनी सेनाप्रमुखांना विचारलं, असं खरंच होऊ शकेल का? आठवड्यानं उत्तर आलं की परिस्थिती चित्रपटापेक्षा वाईट आहे. सप्टेंबर १९८४ मध्ये सरकारी संगणकांच्या सुरक्षेविषयीचा राष्ट्रीय आदेश निघाला.